बाईंची फिरती

माझ्या उमेदीची तीस वर्षे सातारच्या कलेक्टर कचेरीत गेली आणि त्यांतली निदान पंधरा तरी वरिष्ठांच्या फिरतीची तजवीज करण्यात खर्ची पडली. त्यामुळे साहेबांचा दौरा कागदोपत्री कशासाठी निघतो आणि वस्तुतः कशासाठी निघतो, हे ओळखण्याची जी एक दृष्टी कारकुनास कालांतराने आपोआप प्राप्त होते, ती मला लाभलेली आहे, असे मी विनयपूर्वक नमूद करतो. दप्तर तपासणीसाठी नेमके तेच गाव निघे, ज्याच्या शिवारात तित्तिर विपुल असत; आणि पिकांची आणेवारी समक्ष पाहण्याची निकड साहेबांना ऐन आंब्याच्या मोसमात, शिवारात काडीही उभी नसताना, भासू लागे. निवृत्तीनंतर ही विद्या निरुपयोगी ठरली असे मी धरून चाललो होतो. परंतु कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेत डेन्व्हर शहरी काही महिने राहावयास गेलो, आणि एके सायंकाळी शेजारच्या बाईंनी जेवणाच्या मेजावर कोलोरॅडोचा नकाशा पसरून त्यावर रंगीत टाचण्या टोचावयास प्रारंभ केला, तेव्हा माझ्यातला जुना अव्वल कारकून खडबडून जागा झाला.

बाईंचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण त्या देशातील बहुतेक गावी त्या असतातच. वय साठीपलीकडे, केस आखूड आणि शुभ्र, चष्मा गळ्यातल्या दोरीला लोंबता, आणि अंगावरच्या कपड्यांना कोठे ना कोठे दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. तो काढून दिला तर त्या मनःपूर्वक आभार मानतात आणि तासाभराने तेथेच दुसरा चिकटलेला असतो. त्या क्विल्ट शिवतात. क्विल्ट म्हणजे वर तुकड्यांची नक्षी, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर आणि तिन्हींतून जाणारा टाका. एकूण आपली गोधडीच. आपली गोधडी मात्र कापडाच्या आयुष्याच्या अखेरीस जन्मास येते. लुगडे विरले, त्याला दंड घालून झाला, मग त्याची परकरपोलकी झाली, मग पायपुसणे होण्याच्या आधीची जी एक पायरी, ती गोधडी. बाईंचे कापड दुकानातून कोरे येते.

"म्हणजे नवे कापड विकत आणायचे, ते चिरायचे आणि पुन्हा जोडायचे?" सौभाग्यवतींनी मला मराठीत विचारले. मी बाईंना इंग्रजीत विचारले. बाई प्रसन्न मुद्रेने म्हणाल्या, "अगदी बरोबर." सौभाग्यवतींनी पदर सावरला आणि त्या विषयावर पुढे आठवडाभर त्या काही बोलल्या नाहीत.

या कापडाचा व्यवहार वारावर चालतो खरा, पण बाईंचा जीव गुंतलेला असतो तो 'फॅट क्वार्टर' नामक वस्तूत. वाराचा चौथा हिस्सा सरळ फाडला, तर ९ इंच रुंद आणि ४४ इंच लांब अशी एक दरिद्री पट्टी हाती येते. तोच हिस्सा युक्तीने कापून १८ बाय २२ इंचांचा केला, घडी घालून त्याला फीत बांधली आणि अशा शंभर घड्या इंद्रधनुष्याच्या क्रमाने फळीवर मांडल्या, की झाला फॅट क्वार्टर. क्षेत्रफळ काडीमात्र बदलत नाही, हे मी बाईंना कागदावर गुणाकार करून दाखविले. त्यांनी तो गुणाकार तपासला, बरोबर असल्याचे मान्य केले, आणि माझ्याकडे किंचित करुणेने पाहिले. त्यांच्या घरी अशा घड्यांची तीन कपाटे होती. त्यांखेरीज आरंभ करून सोडून दिलेल्या कामांची एक पेटी होती. अशा कामांना त्या मंडळींत 'यू. एफ. ओ.' म्हणतात, म्हणजे जी अक्षरे इतर अमेरिकन लोक उडत्या तबकड्यांसाठी वापरतात तीच. मला ही योजना समर्पक वाटली, कारण दोन्ही वस्तू पृथ्वीवर उतरल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

आता मूळ मुद्दा, म्हणजे दौरापत्रक. मी असंख्य दौरापत्रके लिहिली, पण बाईंच्या सात पानी जाबत्यापुढे माझी मान लवली. शिरोभागी दौऱ्याचा उद्देश दिला होता: 'सप्टेंबरच्या उत्तरार्धात अ‍ॅस्पेन वृक्षांची पाने सोनेरी होतात, ती पाहणे.' त्याखाली रकाने: मजल, मैल, घाटाची उंची, भोजन आणि शेवटी 'इतर'. मी सवयीने प्रथम शेवटचा रकाना वाचला, कारण खरा दौरा नेहमी 'इतर' या सदरात असतो. तेथे प्रत्येक गावच्या क्विल्टच्या दुकानाची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ, रविवारच्या सुट्टीसह, सुवाच्य अक्षरात नोंदलेली होती. अ‍ॅस्पेन वृक्ष फक्त त्याच रस्त्यांवर सोनेरी होणार होते, ज्यांच्या शेवटी असे एखादे दुकान होते. तित्तिरांची मला तीव्रतेने आठवण झाली.

बाईंचे यजमान आयुष्यभर विमा कंपनीत जोखमीचे हिशेब मांडून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडी हाकणे त्यांच्याकडे आणि हवामान हे खाते त्यांच्या स्वाधीन. रोज पहाटे ते सरकारी हवामानखात्याचा अंदाज वाचीत, घाटमाथ्यांवर रस्तेखात्याने बसविलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे संगणकावर न्याहाळीत, आणि मला शिकवीत. दर हजार फूट चढलो की पारा तीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतो; डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि मोनार्क घाट ११,३१२ फुटांवर, तेव्हा शहरातल्या सदऱ्यावर विसंबू नये; आणि जुलै-ऑगस्टात दुपारी गडगडाटासह वीज पडते, सबब मध्यान्हापूर्वी कड्यावरून खाली उतरलेले असावे. त्या ऋतूला तेथे मान्सून म्हणतात. तो मी पाहिला. दुपारी दोनला ढग आले, पाऊण तास पाऊस पडला, थोड्या गारा पडल्या आणि ऊन पडले. ज्याने महाबळेश्वरी आषाढ काढला आहे त्याने या प्रकाराला काय म्हणावे, हा प्रश्न मी सभ्यतेपोटी गिळला.

खरा पेच पडला तो यजमानांचे खाते आणि बाईंचे खाते यांच्यामध्ये. युरे ते सिल्व्हर्टन हा रस्ता रेड माउंटन घाटावरून, ११,०१८ फुटांवरून जातो. त्याला 'दशलक्ष डॉलरचा रस्ता' म्हणतात आणि त्या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद असले, तरी दरीच्या अंगाला लांबच लांब कठडाच नाही याबद्दल मतभेद नाही. शनिवारी तेथे हिमवृष्टीचा संभव, रविवारी निरभ्र, असा अंदाज प्रसिद्ध झाला. यजमानांनी रविवारी घाट ओलांडावा अशी रीतसर सूचना मांडली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढविला, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले आणि सूचना नामंजूर केली. "पर्वत सातही दिवस उघडे असतात," त्या म्हणाल्या, "ड्युरँगोचे दुकान रविवारी बंद असते." अखेर तह झाला तो असा, की शुक्रवारी माँट्रोजचे दुकान आटोपून त्याच संध्याकाळी, बर्फाच्या आधी, घाट चढावा आणि सिल्व्हर्टनला मुक्काम करावा. माझ्या कारकिर्दीत जिल्ह्याचे सरहद्दीचे तंटे याहून कमी खलबतात मिटले आहेत.

प्रयाण झाले. पहिला थांबा गोल्डन या गावच्या क्विल्ट-संग्रहालयाचा. बाई तेथे देवळात जावे तशा गेल्या. भिंतीवर टांगलेल्या आणि 'हात लावू नये' अशी ताकीद असलेल्या त्या गोधड्यांपुढे सौभाग्यवती बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अहो, मग पांघरतात काय?" पुढे केनोशा घाटावर अ‍ॅस्पेन खरोखरच सोनेरी झाले होते, आणि तसे सौंदर्य मी पूर्वी पाहिले नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ते पाहण्यास जाबत्यात बारा मिनिटे होती. माँट्रोजच्या दुकानास पावणेदोन तास लागले. दुकानाबाहेर एक बाक होता. त्यावर यजमान आणि मी बसलो. आमच्याआधी दोघे बसलेले होते. चौघेही आकाशाकडे पाहत होतो. "हवामान तेवढे नवऱ्यांच्या वाट्याला उरले आहे," यजमान म्हणाले, आणि उरलेल्या दोघांनी मान डोलावली.

घाट चढताना बाई अत्यंत आनंदात होत्या. क्विल्टच्या नक्षींना नावे असतात: अस्वलाचा पंजा, उडते हंस, दारुड्याची वाट, त्यांपैकी शेवटची नक्षी ही अशीच दिसते, असे त्या प्रत्येक वळणावर खिडकीतून खालच्या दरीकडे बोट दाखवून सांगत होत्या, आणि आयुष्यात मद्याला न शिवलेले यजमान दोन्ही हातांनी सुकाणू धरून समोर बघत होते. सिल्व्हर्टनला पोहोचलो तोच भुरभुर सुरू झाली. सिल्व्हर्टन ९,३०० फुटांहून उंच आहे. पाने न गळलेल्या झाडांवर अवेळी बर्फ साचले की फांद्या मोडतात आणि त्या विजेच्या तारांवर पडतात. रात्री दहाच्या सुमारास तेच झाले आणि आमच्या मुक्कामाची वीज व तीबरोबर ऊब गेली.

येथवर आमच्या गाडीत बेचाळीस वार कापड, साठ फॅट क्वार्टर आणि गोधडीत भरावयाच्या कापसाच्या दोन गुंडाळ्या जमल्या होत्या. पांघरूण मात्र एकही नव्हते. यजमानांनी कापसाची एक गुंडाळी उलगडावी असे सुचविले; बाई म्हणाल्या, "चुरगळेल." तेव्हा सौभाग्यवती उठल्या आणि आपल्या पिशवीतून, सातारहून मुंबईला आणि मुंबईहून समुद्रापलीकडे माझा विरोध डावलून आणलेली, माझ्या आईच्या लुगड्यांची आणि वडिलांच्या धोतराची गोधडी काढून त्यांनी पलंगावर टाकली. दोघी तिच्यात शिरल्या. यजमान आणि मी पलीकडच्या खोलीत दोन-दोन कोट चढवून पहाटेपर्यंत हवामानाची चर्चा करीत बसलो. मध्यरात्री भिंतीपलीकडून बाईंचा आवाज ऐकू येत होता. त्या विजेरीच्या उजेडात इंचात किती टाके पडतात ते मोजीत होत्या आणि नक्षीचे नाव विचारीत होत्या. सौभाग्यवतींना इंग्रजी बेताचेच. त्यांनी उत्तर दिले, "सासूबाई."

दुसऱ्या दिवशी रस्ता साफ झाल्यावर आम्ही ड्युरँगोला चारास पंधरा मिनिटे कमी असताना पोहोचलो. दुकान चारला बंद होणार होते. उर्वरित वृत्तांत सांगण्याजोगा नाही.

आम्ही परतल्यास आता वर्ष होत आले. गेल्या महिन्यात बाईंचे पत्र आले. 'सासूबाई' या नक्षीची क्विल्ट त्यांनी आरंभिली असून ती त्या पेटीत आहे. पुढील वर्षी उभयता भारतात येऊ इच्छितात; दौऱ्याचा उद्देश, सप्टेंबरात कासच्या पठारावरील रानफुले पाहणे. सोबत कोऱ्या रकान्यांचा जाबता आहे. यजमानांनी स्वतंत्र पत्राने त्या टापूतील पर्जन्यमान विचारले होते. महाबळेश्वरी वर्षास दोनशे इंचांहून अधिक, असे मी कळविले, तेव्हापासून त्यांचे उत्तर नाही. पर्जन्याचा रकाना मी भरला आहे, मैलांचा भरला आहे, डाकबंगल्यांचाही भरला आहे. शेवटचा तेवढा कोरा आहे. तरी सातारा ते महाबळेश्वर या रस्त्यावर गोधडीसाठी कोरे कापड चिरून विकणारे एखादे दुकान कोणा वाचकाच्या पाहण्यात असल्यास त्याने त्याची वेळ व सुट्टीचा वार कृपा करून मजला त्वरित कळवावा.