अक्कांची हळद गेली कुठं?

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा भिंतीजवळ, मोठ्यानं नको बोलायला... समोरच्या अण्णांची जुनी मारुती आठशे सुरू झाली! तीच हो, जिच्यापायी त्या घरात महिनाभर महाभारत चाललं होतं.

ढोकीपर्यंत जायचं म्हटलं तरी इंजिन तापून काटा लालवर. अक्का तर तोंडावर म्हणाल्या, "दोन हजार वर्षांमागं आपल्या तेरहून गाड्या भरून माल भरूचच्या बंदराला जायचा, त्या ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. अन् तुमची गाडी ढोकी गाठंना!" अण्णा काही बोलले नाहीत, नुसतं उपरणं झटकलं.

तर काय सांगत होते... हां. रोगी एक अन् वैद्य घरभर. जावई म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलण्यापेक्षा भंगारात घाला." त्यांनी नवी गाडी घेतल्यापासून बोलणंच तसं झालंय. थोरला म्हणाला, थर्मोस्टॅट अडकलाय. अण्णांचं एकच, पाणी घालत राहायचं. अन् घालत काय होते? बोअरचं! ज्या पाण्यानं आपल्या हंड्याला पांढरा थर बसतो, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांना सोडेल का हो?

त्यात आले अक्कांचे भाऊ. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. म्हणाले, "हळद टाका, गळती बंद!" तसं खोटं नाही ते, जुने ड्रायव्हर टाकायचे. बारीक भोक असलं तर बुजतं, घर गाठण्यापुरतं. पण यांनी टाकली वाटीभर, गुपचूप! अन् इकडं अक्का यंदाची नवी हळद कुठं गेली म्हणून सुनेकडं बघतायत... ती बिचारी!

शेवटी धाराशिवचा मिस्त्री आला. जावई पुढं झाले झाकण उघडायला, तर तो असा ओरडला, "साहेब, इंजिन गरम आहे!" आत पाणी दाबाखाली असतं म्हणे, शंभर डिग्रीच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की भसकन तोंडावर. जावई हात मागं घेऊन अंगठी बघत बसले.

मग त्यानं ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल दुधाळ नाही, सायलेन्सरातून पांढरा धूर नाही, म्हणजे गॅस्केटवरचा संशय कमी झाला, एवढ्यावर पुरता मिटत नसला तरी. अक्कांनी जावयांकडं असं पाहिलं...

पण मग पाणी जातंय कुठं? गाडीखाली तर कोरडं ठाक. अहो, तिथंच सगळे फसले होते. गार असताना चीर मिटलेली असते. गरम होऊन दाब चढला की उघडते, अन् झिरपलेलं पाणी तापल्या जाळीवरच वाळून जातं. मिस्त्रीनं गाडी गार होऊ दिली, चहा झाला, मग झाकणाच्या जागी हातपंप बसवला, घड्याळवाला. झाकणावर 0.9 लिहिलेलं होतं, तेवढाच दाब दिला. अन् काटा लागला की हो उतरायला! सगळे गप्प. अण्णा म्हणतात, "गोरोबाकाकांनी याच गावात थापटी घेऊन संतांची डोकी तपासली. कच्चं मडकं असंच कळतं." अक्का पटकन म्हणाल्या, "मग आपल्या घरातलं कच्चं कोणतं, तेही बघू द्या की त्यांना!" अन् नजर कुठं? जावयांवर!

सापडली चीर. वरच्या प्लास्टिकच्या टाकीला, जाळीला दुमडून बसवतात ना, तिथंच. भोवती हिरवट-पांढरं किटण. अण्णा म्हणाले, डाक लाव. तो म्हणाला, "तांब्या-पितळेचा असता तर लावला असता. जाळी ॲल्युमिनियमची, टाकी प्लास्टिकची, डाक धरायचा कशाला? सील मळून लावलं तरी पुन्हा तापली की सुटंल." म्हणजे नवाच घ्यायचा. लातूरहून आणला.

जुना काढून उलटा केला, तर पिवळा गाळ! अक्का किंचाळल्याच, "ही तर माझी हळद!" भाऊ चहा तसाच टाकून उठले, एसटी गाठायची म्हणे. त्या वेळेला असते का हो एसटी?

नव्याबरोबर होजपाइप नवे, झाकणही नवं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी बंद! झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू केलं, बुडबुडे थांबेपर्यंत चालवलं. आत हवा राहिली तर काटा पुन्हा चढतो. उरलेली बाटली मात्र अक्कांनी माळ्यावर टाकली. चवीला गोड असतं म्हणे ते, पण विषारी. कुत्र्या-मांजरानं चाटलं तर जीव जायचा.

काल अण्णा मुरूडला जाऊन आले, काटा मधे ठेवून! अन् खरी गंमत तर पुढंच आहे... कानात सांगते. जावयांची नवी गाडी रात्रभर आमच्या दाराशी होती. सकाळी झाडायला गेले तर खाली गुलाबी डाग. एसीचं पाणी म्हणावं, तर बोटाला चिकट लागलं. अजून कुणाला बोलले नाही हो मी. अक्कांना सांगू का?