दोन गुरुजी

खानदेशात लग्नाच्या मांडवात कुणी "गुरुजी उनात का?" (आले का?) असं विचारलं, की दोन माणसं वळून पाहतात. एक अंतरपाट शोधत असलेले, दुसरे पेन्शनीतले मास्तर. पहिल्यांना दक्षिणा मिळते, दुसऱ्यांना नमस्कार. पंगतीत आग्रह मात्र दोघांना सारखाच.

आमच्या आजीच्या लेखी पूजा सांगायला येत ते भटजी. गुरुजी म्हणजे शाळेतले, खडूने बोटं पांढरी झालेले. पुढे "भटजी" म्हणताना जीभ जराशी अडखळू लागली. त्या शब्दात नकळत थट्टा मुरली होती. इकडे शाळेतले गुरुजी हळूहळू "सर" झाले. त्यांनी रिकाम्या केलेल्या शब्दात पूजेचे गुरुजी सोवळं-पंचांगासह राहायला आले. भाडेकरू बदलला, दारावरची पाटी तीच राहिली. आता मुलाच्या गणिताची तक्रार आपण सरांकडे नेतो आणि त्याच्या पत्रिकेची गुरुजींकडे. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, "जरा कमजोर आहे."

पण या शब्दावर खानदेशात एका माणसाचा कायमचा हक्क आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले साने गुरुजी १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. शाळा सुटली, "गुरुजी" काही सुटलं नाही. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि हे गुरुजी शहाण्या विद्यार्थ्यासारखे सगळं उतरवून घेत. चौरंग नाही, प्रसादाचा शिरा नाही, श्रोते सगळे कैदी. आपल्या घरोघरच्या देव्हाऱ्यांजवळ दिसणारं 'गीता प्रवचने' त्या वहीतून आलं, हे आठवलं की मला त्या तुरुंगाच्या भिंतींचाही थोडा हेवा वाटतो.

मग मे १९४७मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. ज्यांच्या हाती पूजेचं ताट, त्यांच्यातल्या अनेकांना ते रुचलं नव्हतं. दहा दिवस हा मास्तर उपाशी राहिला आणि अखेर मंदिर उघडायचं ठरलं. संकल्प सोडला तो शाळेतल्या गुरुजींनी. देवळातल्यांना मागाहून "मम" म्हणावं लागलं.

तेव्हा मांडवात दोघे गुरुजी भेटले तर दोघांनाही वाकून नमस्कार करावा. पण मोठं कोण, असं कुणी विचारलंच, तर कोणाला किती मंत्र पाठ आहेत ते मोजू नये. कोणी कुणासाठी दार उघडलं, एवढंच पाहावं.