निरोपाचे पैसे वेगळे

व्हिसा केंद्रात सगळे कागद तपासून झाले, बोटांचे ठसे दिले, पावती हातात पडली, की काचेपलीकडची मुलगी शेवटचा प्रश्न विचारते, "सर, एसेमेस सर्व्हिस घेणार ना?" घेतो. सगळेच घेतात. पासपोर्ट तिच्या हातात आणि आपला हात आपल्या पाकिटात, अशा अवस्थेत नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. व्हिसाची फी भरून झालेली असते, केंद्राचा सेवा आकार भरलेला असतो, कुरिअरचे पैसे दिलेले असतात, बसायला बरी खुर्ची मिळावी म्हणून कोणी लाउंजचेही मोजलेले असतात. आता त्यावर आणखी काहीशे रुपये. कशाचे? तर अर्जाचं पुढे काय झालं, ते कळवण्याचे.

म्हणजे कळवणं हे मूळ कामात धरलेलंच नाही. ती हौस आहे. ज्याला परवडते त्याने करावी.

बरं, पैसे मोजून येतं काय? पहिला एसेमेस: तुमचा अर्ज केंद्रात मिळाला. अहो, आत्ताच तर तुमच्या हातात दिला! दुसरा: अर्ज वकिलातीकडे पाठवला. मग शांतता. ही शांतता आठवडाभराची असेल, महिन्याची असेल, ते कोणी सांगत नाही. त्या शांततेसाठी वेगळं पॅकेज अजून निघालेलं नाही. आणि मग एका रात्री, सगळं नेरूळ झोपलेलं असताना तिसरा: प्रक्रिया पूर्ण झालेला अर्ज केंद्रात आला आहे, घेऊन जावा. व्हिसा मिळाला का? ते त्यात नसतं. ते बंद पाकिटात असतं, आणि आत काय आहे ते पाकीट देणाऱ्या मुलीलाही माहीत नसतं. विकत घेतलेल्या तीन निरोपांत एकही निरोप नाही.

आमच्या सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ही सेवा घेतली आहे. लेक युरोपात असते, तिचे दिवस भरत आले होते, म्हणून काका-काकू निघाले होते. कोणता देश, ते इथे लिहीत नाही. काकांचा पासपोर्ट अजून त्या वकिलातीकडे आहे.

दुसरा एसेमेस आला तेव्हापासून काका फोन खाली ठेवत नाहीत. आंघोळीला जाताना तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगतात. सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात चालायला जातात ते फोन हातात धरून, होकायंत्र धरावं तसा. गुरुवारच्या भजनात सगळ्यांचे फोन सायलेंटवर, काकांचा मात्र पेटीशेजारी पूर्ण आवाजात, बुवांनी डोळे मिटून आलाप घेतला की नेमकं टिंग वाजतं, टाळ थांबतात, पखवाज थांबतो, आणि काका चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचतात: "विमानतळापासून फक्त १० मिनिटांवर एनए प्लॉट. क्लिअर टायटल. साइट व्हिजिट फ्री."

या प्लॉटवाल्यांबद्दल मी आजवर फार वाईट बोललो आहे; आता बोलणार नाही. नवी मुंबईत मोबाइल बाळगणाऱ्या प्रत्येकाला ते रोज आठवणीने मेसेज पाठवतात, आणि कोणी छदाम दिलेला नसताना पाठवतात. त्यात काय नसतं? जागा कुठे, किती गुंठे, हप्ता किती, स्टेशन किती लांब, फोन कोणाला करायचा, सगळं असतं. फोन केला तर अर्ध्या रिंगमध्ये उचलतात. पलीकडचा मुलगा "बोला काका" म्हणतो आणि खरंच बोलू देतो. रविवारी पनवेल स्टेशनला गाडी पाठवतो, वाटेत मिसळ खायला घालतो, साप निघालेली जमीन दाखवतो आणि संध्याकाळी "काका, पोचलात का नीट?" म्हणून पुन्हा विचारतो. जमीन कदाचित त्याची नसेलही, पण संपर्क निर्दोष. माझी सूचना अशी आहे की जगातल्या तमाम वकिलातींनी कळवण्याचं कंत्राट या मुलांना द्यावं. "काका, तुमची फाइल आज टेबलावर आलीये. मॅडम सुट्टीवर होत्या, सोमवारी बघतायत. इन्शुरन्सचा कागद पुसट आलाय, नवा आत्ता व्हॉट्सॲप करा, मी लावून टाकतो. काकूंना सांगा, लाडू वळायला घ्या." एवढं कोणी म्हणालं असतं तर काकांनी आणखी महिनाभर हसत काढला असता, वर एखादा गुंठाही घेतला असता.

कारण वाट बघणं आम्हाला शिकवायची गरज नाही. आम्ही नवी मुंबईकर आहोत. बेलापूर ते पेंधर ही ११ किलोमीटरची मेट्रो. काम २०११ मध्ये सुरू झालं आणि पहिली गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ ला. त्या काळात खारघरला जन्मलेलं पोर सातवीत गेलं. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, विमानं उडाली २०२५ च्या नाताळात, आणि प्लॉटवाले त्याच्यापासूनची दहा मिनिटं त्याच्याही कितीतरी आधीपासून मोजत होते. आमची तक्रार नव्हती. का नव्हती? खांब दिसत होते. रोज ऑफिसला जाताना बसच्या खिडकीतून खांब मोजता यायचे, पावसाळ्यात काम बंद पडलं तर ते बंद पडलेलं दिसायचं, उलव्याकडे गेलं तर विमानतळासाठी फोडायला घेतलेली टेकडी कालच्यापेक्षा बुटकी झालेली कळायची. रखडलेलं कामसुद्धा रखडताना बघता आलं की माणूस धीर धरतो. अर्जाचा खांब कुठे दिसतो? ट्रॅकिंगच्या पानावर रेफरन्स नंबर टाका, जन्मतारीख टाका, मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायला नऊ चित्रांतले सिग्नल ओळखा, आणि उत्तर येतं तेच जे काल होतं. यंत्रमानव कोण आहे, ते खरं तर तिथेच सिद्ध होतं.

फोनही असतो. मिनिटामागे पैसे लागणारा. तो प्रथम आपली भाषा विचारतो, मग संगीत ऐकवतो. मग एक सौजन्यशील आवाज सांगतो की निर्णय आम्ही घेत नाही, वकिलात घेते. वकिलातीच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं की चौकशीसाठी केंद्राशी संपर्क साधावा. ईमेल केला तर तत्क्षणी उत्तर येतं, आणि त्या तत्परतेने ऊर भरून येतो, ते वाचेपर्यंत: हे उत्तर आपोआप गेलेलं आहे, याला उत्तर देऊ नये.

नियमांत मात्र सगळं कसं रेखीव आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जाचा निर्णय १५ दिवसांत द्यायचा, बारकाईने बघायची गरज पडली तर ४५ दिवसांपर्यंत. आता मराठी घरातलं बाळंतपण यासमोर मांडून बघा. बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी ते हुकू शकतं. बाळंतिणीचा सव्वा महिना चाळीस दिवसांत सरतो. म्हणजे मुदतवाढ मिळाली की शेक, शेगडी, धुरी, मालीश सगळं उरकून लेक कामाला लागल्यावर आजी विमानतळावर उतरणार. सहा महिने आधी अर्ज करता येतो, हेही नियमांत आहे. काका तर पाच महिने आधीच तयार होते. पण अपॉइंटमेंटच नव्हती. संकेतस्थळावर सगळे रकाने राखाडी. लेक तिकडून, काका इकडून, रात्री-अपरात्री पान ताजं करत बसले. आणि वाशी स्टेशनजवळच्या एका एजंटाकडे मात्र तोच रकाना हिरवा निघाला. कसा, ते विचारायचं नसतं. अर्ज करायची मुभा आहे, अर्ज द्यायला वेळ नाही. मुभा तेवढी फुकट.

बाळाने असली मुदतवाढ घेतली नाही. ते वेळेवर आलं. त्याला नियम माहीत नव्हते.

काकूंनी डिंकाचे लाडू केले होते. अळिवाचे केले होते. ते आधी डब्यात, मग फ्रीजमध्ये, मग फ्रीझरमध्ये गेले आणि शेवटी आमच्या वॉचमनकडे आले. सध्या वॉचमनची तब्येत उत्तम आहे. रात्रपाळीत तो पहिल्यांदाच जागा सापडतो.

इथवर हसण्यासारखं आहे. पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. अर्ज नाकारताना एक छापील कागद देतात. कारणं आधीच छापलेली, अधिकाऱ्याने फक्त चौकटीत फुली मारायची. त्यात एक चौकट अशी की मुदत संपण्यापूर्वी तुम्ही आमच्या प्रदेशातून परत जाल याबद्दल आम्हाला रास्त शंका आहे. ही शंका कोणाबद्दल? सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या, चार वाजता आल्याचा चहा मिळाला नाही तर सहा वाजेपर्यंत कोणाशी न बोलणाऱ्या माणसाबद्दल? हे गृहस्थ तिथे लपून राहणार? बर्फात? आणि ही शंका फेडायला काकांनी काय काय जोडलं असेल! पेन्शनचा कागद, मुदत ठेवी, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फ्लॅटचा करारनामा, ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, परतीच्या तिकिटाचं बुकिंग, लेकीचं आमंत्रणपत्र, जावयाच्या पगाराच्या पावत्या. स्वतःच्या लेकीकडे जायला जावयाच्या पगाराच्या पावत्या! मी असतो तर एकच कागद लावला असता: आमच्या इमारतीचा पुनर्विकास घाटतोय, त्याच्या सभेचं इतिवृत्त. ज्याच्या डोक्यात कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाड्याचा चेक फिरतोय असा नवी मुंबईकर जगात कुठेही राहायला जाणार नाही. तो व्हेंटिलेटरवरून उठून सर्वसाधारण सभेला येईल. पण हा पुरावा कोणत्याच यादीत नाही.

काकूंचे ठसेही उमटत नव्हते. जन्मभर कणीक तिंबून, भांडी घासून, नारळ खवून बोटांवरच्या रेषा गेलेल्या. काचेवर चार बोटं ठेवली की मशीन लाल होई. मुलगी चांगली होती. तिने ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसलं, स्वतःच्या हाताने दाबून धरलं, "आजी, थोडं जोरात" म्हणाली. शेवटी अंगठा हिरवा झाला तेव्हा काकूंना पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. एकदा दिलेले हे ठसे ५९ महिने चालतात. काकूंनी लगेच हिशेब केला, तेवढ्यात नात शाळेत जायला लागेल.

२०२४ मध्ये भारतातून शेंगेनचे ११ लाखांवर अर्ज गेले आणि दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. त्या वर्षी ११ जूनपासून फी ८० ची ९० युरो झाली. नाकारल्यावर ती परत मिळत नाही. गुणाकार तुम्ही करा, माझ्या कॅल्क्युलेटरवर शून्यं मावत नाहीत. आणि गंमत अशी की हे सगळं सुरू झालं ते अडवणूक नको म्हणून. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या चिमुकल्या गावाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देश बसले आणि आपापसातल्या सीमांवर माणसांना थांबवायचं नाही असं ठरलं. आज २९ देश त्यात आहेत. आतमध्ये सहसा कोणी कोणाला थांबवत नाही. उरलेलं सगळं थांबवणं त्यांनी गोळा करून आमच्या दाराशी आणून ठेवलंय.

पासपोर्ट आत अडकल्यामुळे काकांना दुसरीकडेही जाता येत नाही. भाचीचं लग्न दुबईला होतं, तेही गेलं. अर्ज मागे घेऊन पासपोर्ट सोडवता येतो, पण मग फी गेली आणि रांग पहिल्यापासून. तेव्हा परवा काका-काकू नेरूळच्या वंडर्स पार्कात गेले. तिथे रोमचं कोलोसियम आहे, पेट्रा आहे, माचूपिचू आहे. तिकीट काढलं की अर्ध्या तासात तीन खंड होतात आणि परत जाल ना, असं कोणी विचारत नाही. बंद व्हायच्या वेळी शिट्टी वाजवून हाकलतात, एवढं स्वच्छ उत्तर काकांना कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. कोलोसियमपुढे काढलेला फोटो त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली एकोणीस अभिनंदनं आली आणि सेक्रेटरीने विचारलं, पाण्याचं बिल ऑनलाइन भराल का तिकडून?

बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. आता लेक-जावयाने ठरवलंय की आपणच बाळाला घेऊन यावं. जावयाने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असल्यामुळे बाळ तिकडचं, म्हणून आजीच्या मांडीवर यायला बाळाला आपल्याकडचा कागद लागतो. आपलेही काही कमी नाहीत. सही करता येत नाही, सबब अंगठा घेतला. तो लगेच उमटला, काकूंना त्याचं कौतुक वाटलं. फोटो मात्र परत आलाय. डोळे उघडे हवेत. बाळ दिवसातले अठरा तास झोपतं. उरलेल्या सहा तासांत ते रडतं, आणि तोंड उघडं असलेला फोटो चालत नाही.