पुंगीवाल्यास अनावृत पत्र

श्री. रॉबर्ट सिल्व्हेस्टर केली ऊर्फ आर. केली यांस,
मुक्काम बटनर तुरुंग, नॉर्थ कॅरोलायना.

स. न. वि. वि.

आपण स्वतःला 'आर अँड बी' संगीताचा पुंगीवाला म्हणवून घेत होता. गोष्टीतला पुंगीवाला गावातली पोरं घेऊन गेला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. इतका धडधडीत कबुलीजबाब लोक वर्षानुवर्षं तिकीट काढून ऐकत राहिले!

आपल्या हिकमतीबद्दल दुमत नाही. 1994 साली आपण सत्तावीस वर्षांचे होता, गायिका आलिया पंधराची. तिच्या पहिल्या अल्बमची गाणी बहुतेक आपलीच, आणि वय म्हणजे निव्वळ आकडा असं त्याचं नावच सांगत होतं. आकडाच तो! सरकारी कचेरीतल्या एकाला 500 डॉलर चारले की पंधराचे अठरा होतात. खोटं ओळखपत्र निघालं, शिकागोजवळच्या हॉटेलात लग्न उरकलं, पुढल्या वर्षी ते रद्दही झालं. 2001 मध्ये ती विमान अपघातात गेली. त्या लाचेचा जाब कोर्टात विचारला जायला 2021 उजाडलं.

8 फेब्रुवारी 2002 तर सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावा असा दिवस. 'शिकागो सन-टाइम्स'ने अल्पवयीन मुलीसोबतच्या आपल्या चित्रफितीची बातमी छापली आणि त्याच दिवशी आपण सॉल्ट लेक सिटीत हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला गायलात. जूनमध्ये आरोप ठेवले गेले. पुढच्याच वर्षी आपला नवा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. (रसिक मायबाप, दुसरं काय!) खटला उभा राहायला सहा वर्षं लागली. सिनेमात एका नटाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवतात, तसंच या फितीतही झालं असेल, असं आपल्या वकिलांनी ज्यूरीला समजावलं. ज्यूरीने चौदाही आरोपांतून मोकळं केलं. फितीतली मुलगी तेव्हा साक्षीला आलीच नव्हती. 2022 मध्ये शिकागोतल्या नव्या खटल्यात आली, टोपणनावाने, आणि म्हणाली: ती मीच, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. डोकं तिचंच होतं आणि धडही.

2019 मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत आपण ताडकन उठलात, छाती बडवलीत, ओरडलात, रडलात. समोर बसलेली मुलाखतकार गेल किंग खुर्चीत ढिम्म. प्रेक्षक हलला नाही असा आपला तो पहिलाच कार्यक्रम असावा.

मग ब्रुकलिनचं कोर्ट. माफियांना वेसण घालायला केलेला कायदा एका गायकाला लावावा लागला, हा मान क्वचितच कुणाला मिळतो. पण लावणाऱ्यांचं चुकलं नाही. मुलींचं हे शोषण एकट्या माणसाला झेपलं नसतं. मुलींच्या हातात आपला फोन नंबर ठेवणारे, गाडीने आणणारे, तिकिटं काढणारे, पाहूनही न पाहणारे, सगळा फौजफाटा पगारी होता. बाथरूमला जायलाही आपली परवानगी लागायची, असं पीडित बायकांनी शपथेवर सांगितलं. आपल्या वकिलांनी अखेरच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव काढलं. किंगही तुरुंगात गेले होते. तेवढं साम्य मान्य.

ब्रुकलिनने तीस वर्षं दिली. शिकागोने वीस, पण त्यातलं एक सोडून बाकी सगळी सोबतच भोगायची. घाऊक खरेदीवर सवलत मिळायचीच.

एका गोष्टीत मात्र आपण माझी पंचाईत केलीत. 2023 मध्ये न्यायाधीशांनी युनिव्हर्सल म्युझिकला फर्मावलं, की आपल्या नावावर साठलेली रॉयल्टी, पाच लाख डॉलरहून जास्त, पीडितांच्या भरपाईसाठी आणि दंडासाठी द्यावी. या माणसाची गाणी ऐकू नका, असं मी मित्रांना आजवर दरडावून सांगत असे. आता सांगताना जीभ जरा अडखळते.

कळावे,
आपला एक माजी श्रोता