३९८, लोककथा

वाचनालयाचे ग्रंथपाल व्हॉट्सॲपवर आले की काय होतं, हे तुम्ही भोगलेलंच असणार. आमचे काका मूळचे सातारचे, नोकरी सांगलीत, कृष्णाकाठच्या एका वाचनालयात. कार्यवाह म्हणाले, ‘वाचकांचा ग्रुप काढा.’ काकांनी दाखल नोंदवहीच उघडली. मेलविल ड्युईने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं, पण बिचाऱ्याला फॉरवर्ड ठाऊक नव्हते.

कुणी मिसळीची कृती टाकली की खाली काका : ‘६४१.५.’ लग्नपत्रिकेला ३९२.५, राशिभविष्याला १३३.५. कारल्याच्या रसाने मधुमेह मुळासकट जातो, या मजकुराला आधी ६१०, वैद्यक मिळालं. तासाभराने दुरुस्ती : ‘३९८, लोककथा. चुकीच्या कपाटात लागलं होतं.’ आमदारांच्या रस्त्याच्या आश्वासनाला थेट ८९१.४६३, मराठी कादंबरी! वैतागून एकाने ग्रुप सोडला, तर ‘सभासदत्व रद्द. अनामत कार्यालयीन वेळेत न्यावी.’

फेसबुकवर अनोळखी तरुणीची फ्रेंड रिक्वेस्ट आली. काकांनी कळवलं, ‘दोन जुन्या सभासदांचा जामीन आणा.’ (ती तरुणी बहुधा मिशीवाली होती, पुन्हा फिरकली नाही.)

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. माणसं गच्चीवर, आणि मोबाइलवर ‘कोयना धरणाला तडा!’ काकांनी कोयनानगरच्या भाच्याला फोन लावून खात्री केली आणि ग्रुपवर तीनच आकडे टाकले : ३९८. काय सांगू, त्या आकड्यांनी पळापळ थांबली. कधी नव्हे ते ग्रुपवर कुणी हसलं नाही.

काकांच्या वाचनालयाचा तळमजला मात्र बुडाला. १२ ऑगस्टला, रंगनाथन यांच्या जयंतीला, म्हणजे ग्रंथपाल दिनालाच, संदेश आला : ‘मुदत उलटूनही ज्यांनी पुस्तकं परत केली नाहीत, तेवढ्यांचीच कोरडी आहेत. थकबाकीदारांचे आभार. दंड माफ.’ याच मंडळींची नावं त्यांनी जन्मभर दारातल्या फळ्यावर खडूने लिहिली होती. एवढ्या ग्रंथपालदिनांत ते कुणाचे आभार मानताना आम्ही पाहिले नव्हते. त्या संदेशाला वर्गांकही नव्हता.

सदर बझारात, साताऱ्याला राहायला गेलेल्या एका वकिलांनी लगेच विचारलं, ‘माझाही माफ ना?’

‘साताऱ्यात तुमच्याकडे पूर नव्हता. दंड भरावा. ३४०, कायदा.’