तेरा तारखेचा प्रामाणिकपणा

कच्च्या मजकुरात, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आहे हे कोणीही सांगून ठेवलेले नाही अशा साध्या अक्षरांच्या फायलीत, '०३/०४/२०२४' असे लिहिलेले असते तेव्हा संगणकाच्या लेखी ती तारीख नसते. आठ अंक आणि दोन तिरक्या रेघा एवढेच तिचे भांडवल असते, आणि त्यातून दिवस, महिना व वर्ष वेगळे काढून कालगणनेत बसवण्याच्या क्रियेस 'पार्सिंग' म्हणतात. हाच मजकूर पुण्यात तीन एप्रिल आणि न्यूयॉर्कमध्ये चार मार्च असा वाचला जातो, व दोन्हीकडचे वाचक तितकेच निःशंक असतात. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा अशा दुतोंडी असून, दिवस आणि महिना यांचा आकडा एकच असलेल्या बारा वगळल्या तरी वर्षाकाठी १३२ तारखा दोन्ही पक्षांच्या बाजूने साक्ष देण्यास तयार असतात. तेराव्या महिन्याची सोय ग्रेगोरियन कालगणनेत नसल्याने (अधिक मास हे पंचांगाचे वैभव) तेरा तारखेला मात्र खरे बोलावेच लागते, आणि पाश्चात्त्यांनी अशुभ ठरवलेला आकडाच त्यांच्या दिनदर्शिकेत पहिला भरवशाचा निघतो.

पायथन भाषेतील 'पांडाज' या लोकप्रिय साधनाने २०२३ च्या २.० आवृत्तीपूर्वी यावर काढलेला तोडगा अभ्यसनीय आहे: काही सांगितले नसेल तर महिना आधी धरावा, आणि तो बाराच्या पुढे गेलाच तर तेवढ्या नोंदीपुरता दिवस आधी धरावा. परिणामी एकाच रकान्यातील '१२/०१/२०२३' डिसेंबरात जाऊन बसे आणि तिच्या लगेच खालची '१३/०१/२०२३' जानेवारीत. अडून बसणारा प्रोग्रॅम परवडला, कारण त्याची चूक त्याच दिवशी कळते. समजूतदार प्रोग्रॅमची चूक वार्षिक अहवाल छापून आल्यावर कळते.

म्हणून तारखेचा साचा स्पष्ट लिहून द्यावा, असा जाणत्यांचा सल्ला असतो. परंतु या साच्यात रोमन लिपीतील लहान 'एम' महिन्यासाठी आणि मोठा 'एम' मिनिटांसाठी राखलेला असल्याने, घाईत मोठा पडला की '१५-०८-१९४७' मधील आठ ही मिनिटे ठरतात, महिना सांगितलाच नाही म्हणून जानेवारी धरला जातो, आणि भारत १५ जानेवारीस रात्री बारा वाजून आठ मिनिटांनी स्वतंत्र होतो. मध्यरात्रीचा तपशील तेवढा जुळतो.

दोन आकडी वर्षांबाबत रूढ संकेत असा, की ६९ ते ९९ हे विसाव्या शतकात आणि ०० ते ६८ हे एकविसाव्या शतकात मोजावेत. त्यामुळे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख '१/६/६५' अशी ठोकून दिली, ते निवृत्तिवेतनधारक २०६५ पर्यंत जन्मासच येत नाहीत. मोठ्या एककाकडून लहानाकडे जाणारा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा 'आयएसओ ८६०१' हा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ पासून उपलब्ध आहे. तो सर्वांना मान्य असतो आणि लिहितो तो दुसराच कोणी.

याउलट, जेथे तारीख नाही तेथेही ती शोधणारे 'एक्सेल' आहे. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती, आणि तक्त्यात टंकताच त्यांचे एक मार्च व एक सप्टेंबर होऊन ती संशोधनपत्रांच्या जोडतक्त्यांतूनही फिरू लागली. अखेर जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नमते घेऊन 'मार्चएफ१', 'सेप्टिन१' अशी नवी नावे रूढ केली; हे आपोआप होणारे रूपांतर बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली खरी, पण तोवर जनुकांची बारशी उरकून गेली होती.