बंद-चालू भाऊ

गिरडच्या टेकडीवर गोल गोल खडे सापडतात. संत बाबा फरीदांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी इथली जुनी कथा. भूगर्भवाले त्यांना झिओलाइट म्हणतात. म्हणजे मालाचा दगड होणं गिरडकरांना नवीन नाही. तरी पुण्याहून मुलानं पाठवलेल्या चार दांड्यांच्या राउटरचा माझ्या डोळ्यांदेखत दगड झाला, तेव्हा मी हबकलोच. मी तर कुणाची थट्टा केली नव्हती.

अशा वेळी आळीत एकाच माणसाला हाक जाते. त्याचं पाळण्यातलं नाव फार थोड्यांना ठाऊक. सगळ्यांसाठी तो बंद-चालू भाऊ. हा नमुना समुद्रपुरात आहे, हिंगणघाटात आहे, तुमच्याही आळीत असणारच. धंदा खानदानी आहे. दूरदर्शनच्या काळात याचे वडील लोकांच्या कवेलूवर चढून अँटेना फिरवायचे. वरून "आलं का?" आणि खालून "मुंग्याच आहेत!" हा संवाद मी लहानपणी तासन् तास ऐकलेला आहे. एखाददुसरं कवेलू फुटायचं, पण बातम्या लागायच्या.

भाऊ दारातूनच विचारतो, "काकाजी, लाल हाय का हिरवा?" वैद्यानं जीभ बघावी तसा तो आधी दिवे बघतो. कंपनीच्या पांढऱ्या पेटीवर 'लॉस'चा लाल दिवा असेल, तर बाहेरची तार तुटली. मग आपण चहा घ्यायचा आणि कंपनीच्या पोराची वाट पाहायची. आमचा हिरवा होता. म्हणजे नेट घराच्या दारापर्यंत येऊन थांबलं होतं.

"काहून टेन्शन घेता? बंद करा, चालू करा."

हसू नका. निम्म्या वेळा याच्या औषधाला गुण येतो. कंपनीच्या यंत्रणेनं जुन्या राउटरची ओळख धरून ठेवलेली असते. वीज तोडून थोडं थांबलं की कधी कधी ती पकड सुटते आणि नव्याला आत घेतात. पण हे भाऊला सांगायची सोय नाही. त्याच्या मते यंत्र दमतं, त्याला झोप लागते.

तीनदा झोपवूनही यंत्र उठलं नाही. मग त्यानं चारही दांड्या माझ्या मोबाइलवर बंदुकीसारख्या रोखल्या. हा बापाचा वारसा. दूरदर्शनच्या अँटेनाला दिशा असायची. या दांडीची लहर मात्र तिच्या चहूबाजूंना पसरते आणि टोकाच्या दिशेनंच सगळ्यात कमी जाते. मग त्यानं पेटीतून आलेली केबल काढून पाहिली. ती मी पिवळ्या भोकात घातली होती. निळ्यात घालायची होती. त्यानं ती निळ्यात घातली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की माझी तीस वर्षांची मास्तरकी त्या भोकातून निघून गेली.

तरीही नेट नाही. "जुनाच लावून पाहू," म्हणत त्यानं जुना राउटर उचलला आणि हिच्याकडे साडीची पिन मागितली. मागच्या बारीक छिद्रात ती दहा सेकंद दाबून धरली. "आता कसा नव्यासारखा झाला!"

नव्यासारखाच झाला. आमच्या कनेक्शनचा आयडी आणि पासवर्ड त्या जुन्याच्या पोटात होता. फोनच्या तारेवर इंटरनेट यायचं तेव्हापासूनची ही रीत, 1999 सालापासून तिला पीपीपीओई म्हणतात: राउटरनं आधी नाव आणि परवलीचा शब्द सांगायचा, मगच दार उघडतं. नव्याला तो शब्द कधी शिकवलेला नव्हता, जुना आता विसरला. घरात दोन राउटर आणि दोघेही मुके.

कंपनीला फोन लावला. आमचा कॉल त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, हे सनईच्या सुरात वीस मिनिटं कळत राहिलं.

तेवढ्यात हिला आठवलं. तार जोडायला आलेल्या पोरानं काहीतरी कालनिर्णयच्या मागं लिहून दिलं होतं. जून महिन्याच्या. मागल्या वर्षीच्या. जून सापडला तो स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीखाली. आयडी शाबूत होता. पासवर्डाच्या मधोमध तेल.

"हा झीरो हाय का ओ?" भाऊ ट्यूबलाइटखाली कागद धरून म्हणाला. "अन् हा छोटा एल का एक?"

मग त्या मुलखाबाहेरच्या अक्षरांशी आम्ही दोघं तासभर झटलो. ओ आणि एल, झीरो आणि एल, ओ आणि एक. झीरो आणि एक घातल्यावर रात्री साडेनवाला दिवा निळा झाला. पुण्याहून लगेच व्हिडिओ कॉल आला, त्यात भाऊचंच तोंड आधी दिसलं.

"काही नाही रे," तो माझ्या मुलाला सांगत होता, "बंद करून चालू केला, बस."

ते जूनचं पान आता आलमारीत, सातबाऱ्याच्या फाइलीत आहे.